बसवंताचा निकाल

अश्वजित सोनकांबळेबद्दल लिहायला बसलो की आधी मला त्याचा रागच येतो. हा माणूस आयुष्यात दोन-चार वेळा जरी कुणाच्या टेबलावर हात आपटून बोलला असता, तर आज गोष्ट वेगळी असती. पण नाही. साहेब म्हणाला बदली, की याने पेटी भरली. साहेब म्हणाला चारा नाही, की याने स्वतःच्या ओळखीने कडबा मागितला. चांगुलपणालाही काही मर्यादा असावी की नाही, असं मी त्याला तोंडावर विचारलेलं आहे. त्यावर तो हसून म्हणाला, "शेठ, तुमची पेंड तेवढी वेळेवर पाठवा."

माझं उदगीरला मोंढ्यात सरकी-पेंडीचं दुकान आहे. बारावीला आम्ही दोघं उदगीरलाच एका बाकावर होतो. मी रसायनशास्त्रात गटांगळी खाल्ली आणि वडिलांच्या गादीवर जाऊन बसलो. तो पास झाला आणि परभणीला गुरांचा डॉक्टर व्हायला गेला. पुढे तो जनावरांच्या पैदाशीचा शास्त्रज्ञ झाला, त्याच्या नावापुढे पदव्यांची माळ लागली, आणि मी पेंडवालाच राहिलो. गुरं त्याची आणि खुराक माझा, त्यामुळे गाठ काही सुटली नाही.

तो मूळचा चाकूरकडचा. वडील लिंबाजी रस्त्याच्या कामावर, गँगमध्ये. छप्पन साली लिंबाजी पोरसवदा होते. वस्तीने बुद्धाची वाट धरली आणि त्याच दिवसापासून मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावाला ते पचलं नाही. कुणी कामाला बोलवेना, कुणी पीठ उसनं देईना. ते वर्ष कसं काढलं हे अश्वजितची आई सरजाबाई सांगायची. लिंबाजी त्या गोष्टी निघाल्या की उठून बाहेर जायचे.

तर अशा माणसाचा मुलगा गुरांचा डॉक्टर व्हायला निघाला. लिंबाजींनी त्याला माणसांचा डॉक्टर करायचं ठरवलं होतं, पण मार्क थोडक्यात हुकले. परभणीचं पत्र आलं त्या दिवशी मी त्यांच्याच घरी होतो. लिंबाजी म्हणाले, "आम्ही ढोरं सोडली तवा माणसात आलो. आन तू परत ढोरातच चाललास व्हय रे?"

"आबा, तुम्हाला मेलेली ओढाय लावली त्यांनी. मी जिती बघणार हाय," अश्वजित म्हणाला.

लिंबाजींना ते काही पटलं नाही. वस्तीत त्यांनी शेवटपर्यंत "पोरगं डॉक्टर हाय" एवढंच सांगितलं. कशाचा, ते कधी सांगितलं नाही. सुट्टीत अश्वजित घरी आला की शेजारणी खोकणारी लेकरं घेऊन दारात यायच्या, आणि हा शहाणा त्यांना सायकलवर बसवून चाकूरच्या सरकारी दवाखान्यात नेऊन सोडायचा. बापाचा शब्द खोटा पडू नये म्हणून.

पीएचडीनंतर तो दोन वर्षं ऑस्ट्रेलियाला गेला. तिथे मांसासाठी गुरं पाळतात, आणि कोणत्या वळूची वासरं लवकर वजन धरतात हे मोजून त्या वळूची किंमत ठरवतात. वळू दिसायला राजबिंडा आहे की केविलवाणा, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. त्याची लेकरं काय म्हणतात ते महत्त्वाचं. अश्वजितच्या डोक्यात हे पक्कं बसलं. तिथल्या प्राध्यापकाने त्याला राहून जा म्हणून गळ घातली होती. हा परत आला. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, "तिथं माझ्यासारखे ढीगभर हायत. देवणीला कोण हाय?"

देवणी म्हणजे आमच्या भागातली गाय. पांढरी, काळ्या ठिपक्यांची किंवा काळ्या तोंडाची, लोंबत्या कानांची. मी लिंगायत व्यापाऱ्याचा मुलगा, आमच्या घरात नंदीची पूजा रोजची. मला ते लागलं. मी म्हणालो, "देवणीला आम्ही आहोत की."

"तुम्ही शिंगं बघता, वशिंड बघता, पोळ्याला झूल घालता. दूध कुणी मोजलंय?"

खरंच कुणी मोजलं नव्हतं.

त्याचं म्हणणं साधं होतं. वळू काही दूध देत नाही. मग त्याच्या रक्तात दूध आहे का नाही, हे कळायचं कसं? त्याच्या लेकींवरून. आधी वळू मोठा होऊ द्यायचा, त्याचं बीज पन्नास गावांतल्या गायींना द्यायचं, कालवडी जन्मल्या की त्यांना वाढू द्यायचं, त्या व्यायल्या की त्यांचं दूध मोजायचं. देवणी कालवड पहिल्यांदा व्यायला चार वर्षं घेते. सगळं मिळून दहा-अकरा वर्षांचा मामला. तोवर कुणालाच माहीत नसतं की गोठ्यातल्या डझनभर वळूंपैकी सोनं कोणतं आणि पितळ कोणतं. म्हणून सगळे सांभाळायचे. आता सरकारी नोकरीत एका जागी दहा वर्षं राहिलेला माणूस एक तर वशिल्याचा असतो नाहीतर विसरलेला. अश्वजित दोन्ही नव्हता.

पहिला डाव त्याने नांदेड जिल्ह्यात, कंधारकडे, लाल कंधारी गुरांवर मांडला. वाडी-तांडे पालथे घातले. कालवडींच्या कानात बिल्ले मारले. त्या कालवडी गाभण होत्या, आणखी वर्षभरात दूध मोजायला मिळालं असतं, आणि याची बदली झाली. कुठे? तर कोंबड्यांवर. मी त्याला म्हणालो, वर जाऊन भांड. तो म्हणाला, "त्यांना सांगितलंय मी." कसं सांगितलं असेल ते मी ऐकल्यासारखं सांगू शकतो. सर, जमल्यास, आपल्या सोयीने. तीन वर्षांनी तो कंधारला परत गेला तेव्हा अर्ध्या गायी बाजारात विकल्या गेल्या होत्या, उरलेल्यांच्या कानातले बिल्ले पडले होते. कोणाची लेक कोण, काही कळायला मार्ग नव्हता. त्या संध्याकाळी तो माझ्या दुकानात येऊन पोत्यावर बसला आणि रडला. मी चहा मागवला. दुसरं काय करणार होतो?

दुसरा डाव मांडला तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. या वेळी देवणीवर, आमच्याच भागात. नोकरीची वर्षं आणि वळू पारखायला लागणारी वर्षं यांचा हिशेब जेमतेम जुळत होता. त्याला फक्त एकच गोष्ट हवी होती. निवृत्त व्हायच्या आत, लेकींच्या दुधावर पारखलेला एक देवणी वळू मागे ठेवून जायचं. असा एक वळू असला तर त्याचं बीज हजारो गायींना देता येतं, सबंध जात वर उचलता येते. लिंबाजींनी आता सत्तरी ओलांडली होती. ते अधूनमधून विचारायचे, "सारा जलम ढोरात घातलास, काय केलास ते एकदा दाव मला." त्यांना दाखवायलाही त्याला तो वळू हवा होता.

वळूंची वासरं निवडताना तो माझ्याकडे आला. मी त्याला माझ्या आत्याच्या गावी नेलं. पार्वतम्मा आत्या, विधवा, मूलबाळ नाही, देवणी गावाच्या वाटेवर सहा एकर जमीन आणि तीन गायी. आत्याच्या बोलण्यात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. तिच्या एका गाईचं दूध सबंध गावाच्या तोंडी होतं, फक्त आत्याच्या तोंडी नव्हतं. आमच्याकडे दुधाचा आकडा सांगत नाहीत, दृष्ट लागते. अश्वजितने विचारलं तर म्हणाली, "वासरापुरतं देती बघा." मग हा पहाटे जाऊन गोठ्याशी उभा राहू लागला, आणि धार काढून झाली की स्वतः भांडं तोलायचा.

पहिल्या दिवशी आत्याने त्याला चहा दिला तो ओट्यावर, दांडी तुटलेल्या कपात. आमच्यात बसवण्णांचं नाव दिवसातून शंभरदा घेतात, आणि कप तरीही वेगळा निघतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अश्वजितने चहा प्यायला, कप विसळला आणि पालथा घालून ठेवला. गाडीत बसल्यावर मी विषय काढला, तर तो गाईच्या कासेबद्दल बोलत राहिला.

त्या गाईला गोऱ्हा झाला. अंग पांढरं स्वच्छ, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. आत्याने त्याचं नाव ठेवलं बसवंत. दीड-दोन वर्षांचा झाल्यावर त्याला सरकारी वळू-केंद्रावर न्यायला अश्वजित टेम्पो घेऊन आला, तेव्हा आत्या चुलीपाशी जाऊन पदर तोंडाला लावून बसली. अश्वजित विचारायच्या भानगडीत न पडता सरळ आत गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"कशाला नेता हो माझ्या लेकराला?"

"परीक्षा द्यायची हाय त्याला, अव्वा," तो म्हणाला. "पेपर तो देणार, आन तपासणार त्याच्या लेकी."

लातूर जिल्ह्यात परीक्षा म्हटली की दगडालाही समजतं. घरोघरची पोरं लातूरच्या क्लासला, आणि घरोघरी निकालाची धास्ती. आत्याने डोळे पुसले. रडता रडताच तिने तव्यावरची भाकरी काढून त्याच्या ताटात वाढली. त्या दिवसानंतर ओट्यावरचा तो कप पुन्हा दिसला नाही.

बसवंत केंद्रावर गेला, अकरा नंबरचा वळू झाला. त्याचं बीज घेऊन झालं, कांड्यांत, म्हणजे बारीक नळ्यांत, भरून गावोगाव गेलं, काही गोठवून मागे ठेवलं. मग सुरू झाला वाट बघण्याचा काळ. केंद्रावर नवे साहेब आले. त्या केंद्राचं नाव मी घेत नाही, नाव घेण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. साहेबांनी विचारलं, हे वळू काय काम करतात? अश्वजित म्हणाला, वाट बघतात. साहेब म्हणाले, खाऊन? चार-पाच वळू तिथल्या तिथे वाटून टाकायचा हुकूम निघाला. अश्वजितने धडपड करून ते ओळखीच्या घरांत सांभाळायला ठेवले. बसवंत आत्याकडे परत आला.

"पास झाला का?" आत्याने विचारलं.

"पेपर देऊन झाला. निकाल यायचाय. तोवर तुमच्यापाशी राहू द्या."

"किती दिवस?"

"पाच-सहा वर्सं लागतील."

"अय्यो, एवढा उशीर तर बोर्डबी लावत न्हाई."

पण आत्या खूश होती. एवढा मोठा वळू दारात, म्हणजे गावात मान. तिने त्याला पोटच्या पोरासारखं ठेवलं. पेंड माझ्याच दुकानातून जायची, आणि जरा उशीर झाला की फोनवर माझा उद्धार व्हायचा.

इकडे लेकी मोठ्या होत होत्या. अश्वजित आणि त्याची माणसं वाड्या-वस्त्यांवर जाऊन दूध मोजत होती. दृष्टीच्या भीतीने कुणी कमी सांगायचं, आणि सरकारी माणूस आला म्हणजे अनुदान असेल म्हणून कुणी जास्त. अश्वजित दोन्ही आकडे ऐकून घ्यायचा आणि स्वतः तोलायचा. आकड्याच्या बाबतीत हा मवाळ माणूस दगड होता. एकदा मोठ्या साहेबांनी बैठकीसाठी सरासरी जरा 'गोल' करून मागितली. याने सरळ नाही म्हणून सांगितलं. मला माहीत असलेलं त्याचं हे एकमेव भांडण.

मग लॉकडाऊन आला. गोठवलेलं बीज ज्या टाकीत ठेवतात, तिच्यात दर काही दिवसांनी नायट्रोजन भरावा लागतो, नाहीतर आतलं सगळं मरतं. रस्ते बंद, गाडी आली नाही, कुणी पाठपुरावा केला नाही. टाकी कोरडी पडली. बाराही वळूंचं राखून ठेवलेलं बीज वाया गेलं. अश्वजितने फोन केला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"श्रीशैल, बसवंत हाय न जिता?"

"हाय की. कालच आत्या पेंडीवरून ओरडली."

"मग काई गेलं न्हाई," तो म्हणाला. "तो जिता हाय तवर काई गेलं न्हाई. निकाल आला की परत बीज घेता येतंय."

बाकीच्यांपैकी काही वळू मेले, काहींचा पत्ता लागेना. तरी त्याने मोजणी चालू ठेवली. एका दिवाळीला तो आत्याकडे जाऊन आला, बसवंताच्या पाठीवर हात फिरवून आला. त्यानंतर मात्र लिंबाजींनी अंथरूण धरलं. लातूरला दवाखान्यात ने, घरी आण, परत ने. दिवसा आकडेमोड आणि उरलेल्या वेळात बापाची उस्तवार, अशात त्याला चाकूर-लातूर सोडून कुठे जायला सवड झाली नाही. मीही सीझनमध्ये अडकलेला. आत्याचा फोन पेंडीपुरता, आणि पेंड नीट पोचत होती.

लिंबाजींना मी शेवटचा भेटलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही, पण मुलाला म्हणाले, "निकाल लागला का रे?" कधीकाळी ढोर हा शब्द घरात नको असलेला माणूस. अश्वजित म्हणाला, "लागंल, आबा. थोडंच राह्यलंय." माघात लिंबाजी गेले. निकाल लागला तो वैशाखात.

त्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दुकानात शिरला आणि बसलाच नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "अकरा नंबर. पहिला. आन दुसरा त्याच्या जवळपासबी न्हाई."

मी गल्ला पोरावर सोडला आणि गाडी काढली. वाटभर तो बोलत होता. चाळीस वर्षांत त्याला मी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. बसवंताच्या लेकी किती दूध देतात, किती दिवस देतात, दुष्काळातही कशा आटत नाहीत. बसवंत आता वयस्कर झालाय, पण अजून वर्ष-दीड वर्ष सहज बीज देईल. परवानगी मिळालीय, पुढच्या आठवड्यात टेम्पो येईल, त्याला केंद्रावर नेऊ. माझी निवृत्ती महिन्यावर आलीय, म्हणाला, पण तेवढं होईल माझ्या हातानं. मग जरा थांबून म्हणाला, "आबा तीन म्हैने थांबले असते तर." मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला त्या क्षणी त्याचा अजिबात राग आला नव्हता.

आत्या अंगणातच होती. "बर्री, बर्री डॉक्टर, या," म्हणत तिने घोंगडं टाकलं. लिंबाजींचं कळलं होतं, त्याबद्दल हळहळली. बसवंत चिंचेखाली एका साध्या दोरीने बांधलेला होता. एरवी त्याला दोन दावी लागायची आणि नवा माणूस दिसला की तो माती उकरायचा. आज त्याने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. वय झालं, असं मला वाटलं.

अश्वजित मात्र वाटेतच थांबला. पुडा त्याच्या हातात तसाच होता. तो बसवंताच्या वशिंडाकडे पाहत होता, मग मानेकडे, मग मागे गेला आणि खाली वाकला. सरळ उभा राहायला त्याला वेळ लागला.

"काय बघायलाव हो?" आत्या हसत म्हणाली. "आता काई करत न्हाई तो. लई गरीब झालाय."

मग तिने सगळं सांगितलं. दिवाळीनंतर बसवंत लई माजला. चन्नबसप्पाला, म्हणजे शेजारच्या भावकीतल्या म्हाताऱ्याला, त्याने शिंगावर घेऊन आपटलं, दोन बरगड्या मोडल्या. गाव जमलं. कुणी म्हणालं बाजार दाखवा, कुणी म्हणालं रानात हाकलून द्या. रात्रीत कुणीतरी दावं कापून त्याला नेलं असतं, असं तिला वाटलं.

"मी म्हणलं, माझं लेकरू न्हाई जाऊ देणार. पेपर तर त्यानं कवाच देलाय. आता निकाल काय बदलतंय का? मग चिमटेवाल्याला बोलावलं आन बडवून घेतलं, बैल करून टाकला त्याचा. दोन दिस दाव्याला पडून व्हता, मी उशाला बसून व्हते. पण जीव वाचला बघा. आता चन्नबसप्पाच येऊन खाजवतो त्याला."

मी आत्याकडे पाहिलं. ती मला आपलं शहाणपण सांगत होती, आणि खरंच तिच्या ठिकाणी मी असतो तर मीही तेच केलं असतं. वळूची परीक्षा झाली, आता वळू कशाला हवा? पेपर तो देणार आणि तपासणार लेकी, हे तिने शब्दाला शब्द लक्षात ठेवलं होतं. निकाल लागल्यावरच वळूचं खरं काम सुरू होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अश्वजितला ते सांगायची गरज वाटली नसणार. त्याला ते इतकं उघड होतं.

त्याने बसवंताच्या मानेवर हात ठेवला. बसवंत कडबा खातच राहिला. मला वाटत होतं, आता तरी हा माणूस ओरडेल. कुणावर तरी, नशिबावर, माझ्यावर, आत्यावरसुद्धा चालेल, पण एकदा ओरडावं त्याने.

"आन निकालाचं काय झालं हो?" आत्याने विचारलं. "लागला का न्हाई अजून?"

मी तोंड उघडलं. अश्वजितने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी ते मिटलं.

"लागला, अव्वा."

"मग? कितवा आला?"

आयुष्यात कधी आकडा इकडचा तिकडे न केलेला माणूस.

"शेवटून दुसरा," तो म्हणाला. "लेकींनी दूधच धरलं न्हाई. बरं केलंत तुम्ही. तसंबी त्याचं काई काम नव्हतं."

"हौदा? खरंच व्हय?" आत्या म्हणाली. ती हळूच खाली बसली. तिचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं हा आता खरं सांगून टाकेल. त्याने सांगितलं नाही.

"मग पेढे कशाचे?" तिला पुडा दिसला होता.

"मी रिटायर होतोय, अव्वा. त्याचे."

त्याने पुडा सोडून तिच्या हातावर पेढा ठेवला. तिने तो खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला. मग उठून बसवंतापाशी गेली आणि त्याच्या काळ्या गालफडावर एक हलकी चापट मारली. "एवढी पेंड खाल्लीस की रे माझी. एक पेपर नीट देऊ नये व्हय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती अश्वजितकडे वळली. याचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले, पेढ्यासकट.

"डॉक्टर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझ्या जनावरानं तुमचं नाव घालवलं. एवढी वर्सं तुम्ही राबलाव, एवढा जीव लावलाव, आन यानं असं केलं. मलाच वंगाळ वाटायलंय. पुढच्या बारीला दुसऱ्या कुणाच्या घरचा घ्या, चांगल्या रक्ताचा."

"हाव, अव्वा," अश्वजित म्हणाला. "पुढच्या बारीला बघू."